सातच्या रिफात उलटा पडणारा स्नेअर: घरच्या प्रोग्रेसिव्ह थ्रॅश अल्बमच्या नोंदी

प्रोग्रेसिव्ह थ्रॅश म्हणजे वेगवान मेटल, त्यात मोजणी सतत बदलणारी. सहा गाणी, माणसं दोन. गिटार, बास आणि मिक्सिंग माझ्याकडे, ड्रम मित्राकडे. गायक शेवटी आला. नोंदी त्या त्या रात्री काम आटोपल्यावर लिहिल्या आहेत, त्यामुळे काही ठिकाणची चिडचिड तशीच राहिली आहे. असलं काही करायला बसणाऱ्याचे दोन-चार आठवडे वाचले तर बरंच.

७ जानेवारी

फोनमध्ये ४१ रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) जमलेत. काही गिटारवर वाजवलेले, काही नुसते तोंडाने 'डुगडुग डुग' करून ठेवलेले. दोन-तीन तर आता माझे मलाच कळत नाहीत.

डोळ्यांसमोर १९८८-८९ची फळी आहे: कॅनडाचा व्हॉइवॉड, टेक्सासचा वॉचटॉवर, स्वित्झर्लंडचा कोरोनर. कोरोनरवर माझा जीव जरा जास्त, कारण तिघांचाच बँड. एकच गिटार असल्यावर बासला आडोशाला लपता येत नाही.

सामान: साडेपंचवीस इंची स्केलची गिटार, बास, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, मित्राचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट (मिडी, म्हणजे ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नोंद, रेकॉर्ड करून आवाज नंतर सॅम्पलचे, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या ड्रमचे, लावायचे). रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. ट्यूनिंग सगळ्या तारा एक सूर खाली, म्हणजे डी स्टँडर्ड. मार्चअखेर संपवायचं ठरलंय.

१२ जानेवारी

१०-४६च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) तारा डीमध्ये उतरवल्या तर लोंबायला लागल्या. जोरात पिक मारला की जाड तारेचा सूर आधी वर उडतो आणि मग खाली येऊन बसतो. पाम म्यूट करताना (तळहाताने तारा दाबून वाजवताना) हे फार जाणवतं, प्रत्येक ठोका थोडा बेसूर. ११-५२चा संच लावला.

एक भानगड मिटली, दुसरी उभी राहिली. जाड तार नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते. खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही, मग 'टिंग' करून एकदम उडी मारतो. खाच किंचित रुंद करावी लागली. ही घासाघीस हळूच करा. खाच खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नट बदलण्याशिवाय इलाज उरत नाही.

मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. माझा वर जात होता, म्हणून सॅडल (तार दुसऱ्या टोकाला टेकते तो तुकडा) मागे. सहा तारांना दीड तास गेला. आज एकही रिफ वाजवला नाही.

२६ जानेवारी

दोन आठवडे मातीत.

उत्साहाच्या भरात मी थेट फायनल गिटारी रेकॉर्ड करत सुटलो होतो. क्लिक (कानात वाजणारी मोजणीची टिकटिक) सरळ ४/४चा, बार (मोजणीचं एक आवर्तन) कुठे संपतो ते 'बघू नंतर'. पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्या गाण्यात ७/८, ५/८ आणि ६/८ (बारला सात, पाच आणि सहा मात्रा) एकापाठोपाठ येतात. तिथे क्लिकचा वरचा 'टिक' माझ्या रिफाच्या मधोमध कुठेतरी पडत होता, आणि मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून वाजवायला शिकलो! ड्रमरने ऐकलं आणि विचारलं, "यात सम कुठे आहे?" मी एक दाखवली. दुसऱ्यांदा ऐकताना वेगळीच दाखवली.

सगळे टेक फेकले, तिन्ही गाण्यांचे. नवा क्रम: आधी टेम्पो मॅप (कुठल्या बारला कुठला वेग आणि मोजणी याचा आराखडा), मग कच्ची गिटार, मग ड्रम, मग बास, मग फायनल गिटारी, शेवटी आवाज.

२ फेब्रुवारी

टेम्पो मॅप झाला. सहा गाण्यांना चार संध्याकाळी लागल्या. प्रत्येक बारची मोजणी बसवली आणि क्लिकला रिफाच्या वळणाप्रमाणे जोर दिला. ७/८ला सात सारख्या टिकटिकीचा काही उपयोग नाही. ३+२+२ असेल तर पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर जोर हवा.

मोजताना 'वन-टू-थ्री' सोडून दिलं. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) 'सेव्हन' म्हणेपर्यंत पुढचा बार निघून जातो. 'तकिट तक तक' तोंडात बसलं आणि पाच मिनिटांत दोघंही एकाच जागी. ड्रमर लहानपणी तबला शिकलाय, म्हणाला, "रूपकच की हे." मात्रा सात, भाग तेच, म्हणून खरं. पण रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे बिनटाळीच्या हलक्या मात्रेवर असते आणि आमच्या रिफाचा पहिला ठोका हातोडा मारल्यासारखा हवा. दोन दिवस तो पहिला ठोका हलका वाजवत होता, त्याचं मूळ इथे असावं.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस एका स्नेअरवर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) गेला.

थ्रॅशचा धावता बीट म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, किक, स्नेअर, प्रत्येक आठव्या नोटेला (अर्ध्या ठोक्याला) एक. आठात तो छान बसतो. सातात लावला की पहिल्या बारमध्ये किक १, ३, ५, ७वर आणि स्नेअर २, ४, ६वर येतो. पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर पाळी स्नेअरची. म्हणजे बीट उलटा! तिसऱ्या बारला पुन्हा सुलटा. रिफ दर वेळी तोच, पण एकदा गडी पुढे पळतोय आणि एकदा अडखळतोय असं वाटतं.

तीन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली, तसाच उलटू द्यायचा. दोन बारचं चौदा मात्रांचं एक चक्र धरलं तर चुकीचं काही नाही, ऐकायलाही मजेदार. पण गिटारचा जोर दर बारच्या एकवर आहे आणि त्याच्याखाली किक नसली की रिफ पोकळ वाटतो.

दुसरी, सातव्या आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर लागोपाठ दोन किक. बीट उलटत नाही, दर बारच्या शेवटी एक ठेच लागते. आम्हाला हीच हवी होती. रिफ वळतो तिथेच ठेच लागते, म्हणून ती मुद्दाम घातल्यासारखी ऐकू येते.

तिसरी, ड्रम सरळ ४/४मध्ये ठेवायचे आणि गिटार ७/८मध्ये फिरू द्यायची. रिफाच्या आठ फेऱ्या ५६ मात्रांच्या, ४/४चे (बारला आठ मात्रा) सात बारही ५६ मात्रांचे. दोघं तिथे गळाभेट घेतात. हे पाचव्या गाण्याला वापरलं आणि पहिल्या झटक्यात फसलो, कारण सवयीने मी रिफ चारच वेळा ठेवला होता. २८ मात्रा झाल्या तेव्हा ड्रमर चौथ्या बारच्या मधोमध उभा. त्याने शेवटी २/४चा तुकडा जोडून वेळ मारून नेली, पण तो तुकडा ठिगळासारखा दिसत होता. आता आठ फेऱ्या आहेत. २०० बीपीएमला सगळं मिळून साडेआठ सेकंदांच्या आत संपतं, कंटाळा यायला वेळच नाही.

१७ फेब्रुवारी

तिसऱ्या गाण्यात १९० बीपीएमवरून वेग बदलतो. जुन्या लयीतला पाऊण ठोका हा नव्या लयीतला पूर्ण ठोका. म्हणजे १९० भागिले पाऊण, उत्तर २५३.३३. मी मॅपमध्ये २५३ टाकलं. तेवढ्याने काय बिघडतंय?

बिघडलं ते असं. त्या भागात दुसरी गिटार जुनीच लय धरून राहते आणि बाकी सगळे नव्या लयीत जातात. दुसरी गिटार मी सरळ १९०च्या वेगळ्या फाइलीत वाजवून इथे आणून ठेवली होती. पहिले आठ बार मस्त. विसाव्या बारच्या आसपास कुठेतरी घाण. बत्तिसाव्याला दोघं एकत्र थांबायला हवेत, तिथे 'ढॅण'ऐवजी 'ढढॅण'. आधी वाटलं माझा हात चुकतोय, म्हणून तीनदा वाजवलं. मग गणित मांडलं: ३२ बार म्हणजे १२८ ठोके, २५३.३३ला ३०.३२ सेकंद, २५३ला ३०.३६. चाळीस मिलिसेकंदांचा फरक. या वेगात एक सोळावी नोट (पाव ठोका) ५९ मिलिसेकंदांची, म्हणजे फरक तिच्या दोन तृतीयांश. कानाला कळणारच.

२५३.३३३ टाकलं, मिटलं. जमत असेल तर असा बदल १८० वरून करा, उत्तर थेट २४० येतं. मी १९०ला चिकटलो, कारण रिफ १८०ला जड वाटत होता.

२८ फेब्रुवारी

ड्रम झाले. सगळं मिळून ३१ तास, बहुतेक रविवारी.

पहिल्या गाण्यावर मी एक पाप केलं: मिडीतला प्रत्येक ठोका शंभर टक्के ग्रिडला (क्लिकच्या रेषांना) चिकटवला. ऐकलं तर शिवणयंत्र. डबल किकच्या सोळाव्या नोटांना एकच सॅम्पल एकाच जोराने लागत होतं, तो प्रकार तर टाइपरायटर. मूळ टेक पुन्हा उघडला. आता नियम असा: ठोका २० मिलिसेकंदांहून जास्त सरकला असेल तरच हात लावायचा, आणि तोही निम्माच ओढायचा. टॉमच्या रोलना अजिबात शिवायचं नाही. ड्रमर रोलमध्ये किंचित घाई करतो आणि पुढच्या एकवर बरोबर येऊन बसतो. ती घाई काढली तेव्हा गाणं खाली बसलं.

६ मार्च

मनगट दुखतंय. दुसरं गाणं २१०ला आहे आणि आठव्या नोटा सगळ्या डाउनपिकिंगने, म्हणजे सेकंदाला सात फटके, सगळे वरून खाली. वर-खाली पिकिंगने सहज वाजतं, पण तो चावा येत नाही. खालून येणारा फटका मऊच राहतो.

काल दोन तास हट्टाने वाजवलं. आज पेला उचलताना कळ आली. आठवडाभर गिटार बंद.

१५ मार्च

हळूहळू परत. १६०पासून सुरुवात, दर बैठकीला चार बीपीएम वर, एका वेळी वीस मिनिटांहून जास्त नाही. लक्षात आलं की मी कोपरापासून हात ताठ करून वाजवत होतो. पिकचं टोक तारेखाली जेवढं कमी तेवढा परतीचा प्रवास कमी. २१० आता निघतं, पण एका दमात सोळा बारच. अल्बममध्ये तो भाग सोळा-सोळाच्या दोन टेकमध्ये आहे. लाज वाटत नाही.

मार्चअखेरचं अर्थात विसरा.

२४ मार्च

फायनल गिटारी चालू. आजवर झालेल्या गाढवपणाची यादी, कारण हे प्रत्येक जण करतो.

डावीकडचा टेक कॉपी करून उजवीकडे १५ मिलिसेकंद सरकवून ठेवला. हेडफोनवर रुंद वाटलं. फोनच्या एका स्पीकरवर ऐकलं तर गिटार पाइपातून बोलत होती. एकच लहर स्वतःच्या सावलीला काही ठिकाणी खोडते. दोन बाजूंना दोन वेळा वाजवण्याला पर्याय नाही, आणि सोळाव्या नोटा दोनदा तंतोतंत वाजवणं हेच या संगीतातलं खरं काबाडकष्ट आहे.

गेन (डिस्टॉर्शनचं, म्हणजे मुद्दाम आणलेल्या खरखरीचं प्रमाण) जास्त ठेवला. एकट्या गिटारला जो गेन भारी वाटतो तो दोन्ही बाजूंना लागला की नुसता रबडा होतो, पिकचा फटकाच ऐकू येत नाही. तीन वेळा कमी केला. आता एकटी ऐकली तर गिटार थोडी मिळमिळीत वाटते आणि मिक्समध्ये करवतीसारखी चालते.

नॉइज गेट (आवाज हळू झाला की वाट बंद करणारा) डिस्टॉर्शनच्या नंतर लावला होता. डिस्टॉर्शन झाल्यावर हळू आणि जोरात यांतला फरकच उरत नाही, मग गेटला कळणार कसं की कुठे मिटायचं? थांब्याच्या जागी शेपटी राहायची किंवा नोटच तुटायची. आता गेट ऐकतो स्वच्छ गिटारला आणि मिटतो डिस्टॉर्शनच्या मागे. थांबे पहिल्यांदाच भिंतीवर आदळल्यासारखे आले.

तारा दर दीड गाण्याला बदलतोय. गंजलेल्या तारेचे दोन टेक एकमेकांशी सुरात बसत नाहीत.

२ एप्रिल

पूर्ण संध्याकाळ वाया. मिक्स जड झालं म्हणून बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या, म्हणजे मोजमापांच्या, तुकड्यात हाताळतो ते) १२८ वरून १०२४ सॅम्पलवर नेला होता आणि तसाच विसरलो. १२८ला एका बाजूचा उशीर जेमतेम ३ मिलिसेकंद, १०२४ला २३, आणि आत-बाहेर मिळून त्याच्या दुप्पट. स्वतःची गिटार उशिरा ऐकू येते म्हणून हात आपोआप पुढे पळतो, आणि सॉफ्टवेअर आपल्या परीने उशीर भरून काढतं. परिणाम: चारही सोलो क्लिकच्या आधी. मला वाटत होतं आज भलताच आवेश आलाय.

मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: 'बफर?'

११ एप्रिल

बास. १९८८च्या मेटालिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बास जवळपास ऐकूच येत नाही ही जुनी तक्रार. मी वर्षानुवर्षं ती सगळ्यांना ऐकवली आणि माझ्या मिक्समध्ये तेच घडलं. कारण मात्र मिक्सचं नव्हतंच. बास प्रत्येक नोट गिटारबरोबर एक सप्तक खाली वाजवत होता. त्यामुळे तो गिटारचाच खालचा भाग वाटतो, वेगळं वाद्य म्हणून कान त्याला पकडतच नाही.

तीन बदल केले. बासचे दोन भाग: २०० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ आणि घट्ट दाबलेला, वरच्यावर डिस्टॉर्शन. गिटारांचा ९० हर्ट्झखालचा पसारा कापला. आणि पाचव्या गाण्यात बासला स्वतःची ओळ लिहिली: गिटार सातात फिरते तेव्हा बास ड्रमच्या बाजूने चारात चालतो. आवाजाची पातळी जराही न वाढवता बास दिसायला लागला.

१९ एप्रिल

तिसरं गाणं ९ मिनिटं १२ सेकंद, १४ रिफ. ड्रमरने परीक्षा सुचवली. दोघांनी गाणं एकदा ऐकायचं, दुसऱ्या दिवशी फोनवर रिफ क्रमाने तोंडाने म्हणून दाखवायचे. त्याला नऊ आठवले, मला दहा. चार रिफ दोघांनाही आठवले नाहीत. त्यातला एक ११/८मधला, माझ्या मते या अल्बममधली सगळ्यात हुशार गोष्ट. वाजवायला शिकताना सहा दिवस गेले होते.

"अरे पण तो अवघड आहे," मी.

"मग? अवघड आहे म्हणून ठेवायचाय का?"

चारही काढले. सांधे नव्याने बसवले, एका ठिकाणी ड्रम पुन्हा वाजवावे लागले. गाणं ६ मिनिटं ३८ सेकंदांवर आलं. ११/८वाला फोनमध्ये परत गेलाय.

४ मे

गायक. शब्द मराठीत आहेत आणि इथे नवीच गंमत झाली. सातच्या रिफावर सात अक्षरांची ओळ लिहिली होती: 'लोखंड जागे आहे'. कागदावर बरोबर सात. ओरडताना सहाच, कारण 'लोखंड'मधला 'ड' बोलण्यात मागच्याला चिकटतो, त्याला स्वतःची मात्राच मिळत नाही. संथ गाण्यात 'लो-खं-ड' असं लांबवता येतं. २०० बीपीएमला ओरडताना लांबवलं की ते शाळेच्या कवितावाचनासारखं वाटतं. गायक दर ओळीला एक मात्रा आधी संपत होता आणि आम्ही त्याला 'ताल शिक' म्हणत होतो. बिचारा.

ओळ बदलली: 'लोखंडा, जागा हो रे'. सातही अक्षरं उघडी, एकही गिळलं जात नाही. पहिल्या टेकला बसली. मग सगळे शब्द याच चाळणीतून काढले, जवळजवळ तिसरा हिस्सा बदलला. हे आधी करायला हवं होतं.

२१ मे

मिक्स आणि मास्टर (तयार मिक्सचा अंतिम आवाज बसवणं). पहिला मास्टर आवाजाच्या हव्यासापोटी -७ लफ्सपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक, शून्याच्या जवळ तेवढा मोठा) दाबला. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला सगळं -१४च्या आसपास आणून ठेवतं, म्हणजे आमचा आवाज ते कमी करणार आणि चेपलेला स्नेअर मात्र चेपलेलाच राहणार. दोन्ही आवृत्त्या सारख्या पातळीला आणून ऐकल्या, -१०वालीत किकचा फटका जिवंत होता. तीच ठेवली.

एकूण ४० मिनिटं ५१ सेकंद. तारांचे संच सात, पिक मोजले नाहीत. तास जवळपास २६०, त्यातले निदान ७० फेकलेल्या कामाचे.

२९ मे

पहिली तालीम, क्लिकशिवाय. पहिलं, दुसरं आणि चौथं गाणं गेलं. तिसऱ्यात पाऊण ठोक्याचं वळण आलं, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि उडी मारली. घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग मोजलं: वळणाआधी १९६, वळणानंतर २४७. १९६च्या हिशेबाने २६१ हवे होते. बासवर जो नवा मुलगा आलाय त्याला 'तकिट तक तक' अजून यायचंय. पुढची तालीम गुरुवारी, १६०ला.